पाहुण्यांसाठी धुतलेली द्राक्षं

गेल्या वर्षी माघात, एका गुरुवारी सकाळी, नळदुर्गच्या पुढं कर्नाटकाच्या सीमेजवळच्या एका गावात, द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये बैठक झाली. दक्षिण कोरियाचे खरेदीदार, त्यांच्या सरकारचे प्रतिनिधी, मुंबईहून आलेले आपले अधिकारी आणि तालुक्यातले बागायतदार तिला हजर होते. विषय थेट निर्यातीचा होता. जेवणाच्या आधी बैठक संपली. निर्णय झाला नाही.

बातमी एवढीच होती. ती आतल्या पानावर एका स्तंभात आली.

आता पुन्हा माघ आहे. तुळजापूरच्या रस्त्यानं क्रेटचे टेम्पो सुरू झालेत. रिकामे क्रेट वाजतात, भरलेले वाजत नाहीत. त्यामुळे बातमीदाराच्या धाराशिवच्या खोलीत खिडकीपाशी न जाताही टेम्पो बागेकडं चाललाय की बागेकडून आलाय, ते कळतं. सकाळी नऊपर्यंत अंगात स्वेटर लागतो आणि अकराला तोच स्वेटर हातात घेऊन फिरावं लागतं. हुरडा संपून ज्वारीचे दाणे कडक होत आले, की द्राक्षाच्या बागांमध्ये भाड्याच्या वडाप जिपा भरून बायका उतरायला लागतात. हंगाम एवढ्यावरूनच ओळखायचा. द्राक्षाला लांबून येणारा वास नसतो. पॅकहाऊसला जो वास असतो तो नव्या पुठ्ठ्याचा आणि ओल्या फरशीचा.

आत गारवा असतो. बाहेर उन्हानं डोळे मिटतात आणि आत बायका साडीवर पुरुषी शर्ट, शर्टावर स्वेटर आणि डोक्याला स्कार्फ अशा बसलेल्या. हातात लहान कात्री. घडातला खराब मणी तेवढा कापायचा. घड देठाला धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही. हा तिथला पहिला नियम आहे आणि बहुधा शेवटचाही. द्राक्षाच्या मण्यावर पांढुरका, मेणासारखा पातळ थर असतो. शेडमधल्या बायका त्याला नुसतं पावडर म्हणतात. बोट लागलं की ती जाते आणि पुन्हा येत नाही. ती शाबूत असेल तर माल ताजा आहे, फार हाताळलेला नाही, हे परदेशातल्या माणसाला बघताक्षणी कळतं. ती गेली असेल तर मणी चकचकीत दिसतो. चकचकीत मणी आपल्याकडं बाजारात हातोहात विकला जातो आणि तिकडं बाजूला ठेवला जातो.

पॅकहाऊस बागायतदारांच्या गटाचं. गटाचे अध्यक्ष शिवमूर्ती आप्पा. कपाळाला विभूती, पांढरा सदरा, घरात कानडी, बाजारात मराठी आणि अधिकाऱ्यांशी तुटक हिंदी. बायको वारल्यानंतर घरात ते आणि मुलगी महानंदा, दोघंच. महानंदा शेतीची पदवीधर. नाशिकला एका निर्यातदाराकडं कामाला होती. आई गेल्यावर परत आली आणि गटाचं पॅकहाऊस चालवायला लागली. आल्या आल्याच तिनं वडिलांना सांगून ठेवलं होतं.

"आप्पा, इथनं थेट माल गेला तर मी इथंच हाय. आपण नुसत्या गाड्या भरून दुसऱ्याला द्यायच्या असतील, तर त्याला मी कशाला पायजे? मग मला परत जावं लागंल."

तोवर तसंच चाललं होतं. इथला माल गाड्या भरून नाशिकला, नाहीतर सांगलीकडं जायचा, तिथल्या खोक्यात बसायचा, तिथल्या नावानं जहाजावर चढायचा. म्हणून त्या गुरुवारच्या बैठकीवर आप्पांची एक गोष्ट अवलंबून होती. ती कार्यक्रमपत्रिकेत नव्हती. मंजुरी मिळाली तर मुलगी घरी राहणार होती.

आदल्या दिवशी पाहुण्यांना तेरच्या वस्तुसंग्रहालयात नेलं होतं. दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल रोमपर्यंत जात होता, हे त्यांना दाखवायचं होतं. काचेमागं हस्तिदंत, मातीच्या मूर्ती, मणी, नाणी. अधिकारी उत्साहानं सांगत होते. खरेदीदारांचे प्रमुख हान नावाचे गृहस्थ होते. साठीच्या आसपासचे, कमी बोलणारे. त्यांनी पुण्याहून आलेल्या दुभाषी मुलीमार्फत एकच प्रश्न विचारला. मालाबरोबर इथली माणसंही तिकडं जात होती का?

"जात असतील," अधिकारी म्हणाले.

"आणि परत येत होती?"

अधिकाऱ्यांनी पुढच्या काचेकडं हात केला. मंडळी बाहेर आली. तेरणा नदीच्या बाजूनं वारा होता. दोन्ही देशांची माणसं गाड्यांच्या सावलीत उभी राहून एकमेकांकडं बघून हसत होती. एकमेकांची भाषा न येणारी माणसं हसतात तसं.

गुरुवारी पॅकहाऊसच्या दारात मांडव होता. पाहुण्यांना फेटे बांधले. तुळजापूरची कवड्यांची माळ गळ्यात घातली. हान यांनी त्यातली एक कवडी बोटांत धरून इथून समुद्र किती लांब आहे, असं विचारलं. लांब आहे, असं त्यांना सांगितलं गेलं. कवडी समुद्रातली आणि देवी डोंगरातली, मधला रस्ता कुणी कधी चालला, हे विचारायचं त्यांच्या मनात असावं. पण तेवढ्यात भाषण सुरू झालं. भाषणात भागीदारी होती, परस्परविश्वास होता, दोन संस्कृतींचा पूल होता. माईक मधेच शिट्टी मारत होता. हान यांचा फेटा कानावर आला होता आणि त्यांनी तो भाषण संपेपर्यंत सारखा केला नाही.

आप्पा त्या सकाळी लवकर शेडमध्ये आले होते. त्यांनी आपल्या बागेतले निवडक घड आणले, पिण्याच्या पाण्यानं धुतले, नव्या कोऱ्या कापडानं एकेक मणी पुसला आणि ताटात रचून बैठकीच्या टेबलावर ठेवले. कात्री चालवणाऱ्या गंगूबाईंनी ते पाहिलं होतं.

"आप्पा, आमचं बोट लागलं तर दिवसभर शिव्या घालता, आन् आज तुमीच घडास्नी आंघूळ घातली व्हय?"

"तपासायचा माल क्रेटात हाय, त्याला कोण हात लावतंय? ह्ये खायाला हाय. पाहुण्याला न धुता फळ द्यायचं म्हंता? देवाम्होरं तरी ठिवता का तुमी न धुता?"

"न्हाय ठिवत," गंगूबाई म्हणाल्या. "पर देव काय भिंग लावून बघत न्हाय."

बायका हसल्या. आप्पाही हसले. हे गंगूबाईंनीच नंतर सांगितलं आणि आप्पांनी नाकारलं नाही.

महानंदा त्या वेळी कोरियाच्या सरकारी प्रतिनिधींना शीतगृह दाखवत होती. हान टेबलापाशी थांबले होते. समोर ताट होतं. त्यांनी दुभाषी मुलीमार्फत विचारलं, हा निर्यातीचा माल का? आपले अधिकारी हो म्हणाले. द्राक्षं त्याच बागेतली, त्याच जातीची, त्यामुळे त्यांना वेगळं काही सांगायचं सुचलं नाही. हान यांनी खिशातून भिंग काढलं. एक घड उचलून खिडकीच्या उजेडात धरला, फिरवला आणि दोन्ही हातांनी परत ताटात ठेवला. ते तपासणीच्या कागदावर काहीतरी लिहायला लागले. आप्पा लांबून बघत होते. त्यांना एवढंच दिसलं की पाहुण्यानं फळ दोन्ही हातांनी घेतलं आणि दोन्ही हातांनी ठेवलं.

"ह्यांच्यात बी आपल्यावानीच रीत हाय," ते शेजारी बसलेल्या बसवराज पाटलांना म्हणाले. बसवराज गटाचे उपाध्यक्ष आणि आप्पांच्या बांधाला बांध असलेले शेजारी.

महानंदा आत आली तेव्हा कागदावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या होत्या. तिनं ताट बघितलं, कागद बघितला आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, "सर, हा तपासणीचा माल नाही. हा पाहुण्यांना खाण्यासाठी धुतलेला आहे. माझ्या वडिलांनी धुतलाय."

अधिकारी हळू आवाजात म्हणाले, "आता राहू द्या, मॅडम. नंतर बघू."

ती थांबली नाही. क्रेटमधून एक घड देठाला धरून घेऊन आली. मणी पांढुरके होते, जणू त्यांच्यावर कुणी फुंकर घातली होती. हान यांनी तो घड हातात घेतला नाही. तिच्याच हातात राहू देऊन, वाकून, बराच वेळ बघितला. मग तिच्याकडं बघितलं आणि नाव विचारलं. त्यानंतर ताटातला एक धुतलेला मणी तोंडात टाकला आणि आप्पांकडं बघून वाकले. आप्पांनी हात जोडले. ते पुन्हा वाकले. आप्पांनी पुन्हा हात जोडले. हे आणखी चाललं असतं.

दुसरा नमुना घ्यायचा तर दोन्ही सरकारांची माणसं पुन्हा बसायला हवी होती. बाहेर गाड्या सुरू झाल्या होत्या. सगळ्या पाहुण्यांचं तुळजापूरला दर्शन ठरलेलं होतं, तिथं वेळ दिलेली होती, आणि दर्शनाची वेळ चुकवायला कुणी तयार नव्हतं. नोंद झाली ती टेबलावरच्या घडाची. शेरा होता: फेरतपासणी, पुढील हंगामात.

त्या दिवशी मांडव सोडवताना आप्पांनी मुलीला विचारलं, "म्या धुतलं नसतं तर?"

"तर दुसरं काय तरी निघालं असतं."

"न्हाय. खरं सांग."

"खरं सांगून काय उपेग हाय आप्पा? तुमी पुढच्या येळी पण धुणारच."

पाऊसकाळात महानंदाला फोन आला. हान यांच्या कंपनीनं नाशिकला कार्यालय उघडलं होतं. त्यांना माल तपासणारं माणूस हवं होतं. आपल्याच अधिकाऱ्यांसमोर आपल्याच मालाबद्दल खरं सांगेल असं. तिनं आठवडाभर उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायला आप्पांनीच सांगितलं.

"जा तू. म्या काय एकटा हाय व्हय? शेडभर बाया हाईत."

"शेड चारच म्हैने चालतंय, आप्पा."

"मग आठ म्हैने झोपतो."

ती गेली. जाताना कंपनीला तिनं लिहून दिलं की या पॅकहाऊसचे अध्यक्ष आपले वडील आहेत. कंपनीचा नियम स्पष्ट होता. जोवर या गटाची तपासणी सुरू आहे आणि माल निघतो आहे, तोवर तिनं या गावात यायचं नाही. अर्जदाराच्या घरी राहायचं नाही, जेवायचं नाही. फोनवर घरचं बोलायला हरकत नाही. मालाबद्दल बोलायचं नाही. मंजुरी मिळाली तर हा नियम दर हंगामाला लागू राहणार होता.

या नियमावर बोट ठेवण्यासारखं काही नाही. वाचून बघितला तर योग्यच आहे.

आप्पांच्या घरात संध्याकाळी फोन वाजतो. सोप्यात बाकड्यावर ते बसलेले असतात. पलीकडं शेतातली मोटर, कुणाची तरी म्हैस, आणि लांब हमरस्त्यावरून सोलापूर-हैदराबाद गाड्यांचा न थांबणारा आवाज.

"ऊटा आयता?" जेवलीस का, असं ते कानडीत विचारतात.

"आयतु. तुमचं?"

"आयतु."

 तिच्या मागं शीतगृहाचं यंत्र घुमत असतं. आप्पांना ते ऐकू येतं. एकदा ते म्हणाले, "त्या यंत्राचा पट्टा ढिला झालाय बघ, आवाजावरनं कळतंय." ती म्हणाली, "आप्पा, हे पण नको."

आयुष्यभर हा माणूस द्राक्षाबद्दल बोलला. छाटणी, फुलोरा, मण्याची फुगवण, औषधं, भाव. त्यातलं सगळं काढून टाकल्यावर बाप-लेकीला बोलायला काय उरतं, हे दोघांनाही या हंगामात कळलं. हवापाण्यावरही बोलता येत नव्हतं. पौषात एका दुपारी अवकाळी पाऊस झाला. पाऊस झाला की मणी तडकतात. त्या संध्याकाळी फोन आला तेव्हा आप्पांच्या धोतराच्या काठाला चिखल होता. "काय चाललंय?" असं तिनं विचारलं. ते म्हणाले, "काय न्हाय. बसलोय."

फोन ठेवल्यावर बसवराज पाटलांनी विचारलं, "पावसाचं का न्हाय सांगितलं?"

"पाऊस झाला म्हणलं की माल कसा हाय ते तिला कळतंय. कळलं की तिला लिहून द्यावं लागतंय." मग म्हणाले, "तिकडच्या पेपरात आलं असंल."

आलं होतं. दोन ओळी. तालुक्याचं नाव होतं, गावाचं नव्हतं.

संक्रांतीला ती आली नाही. वेळ अमावास्येलाही आली नव्हती. त्या दिवशी सगळं गाव ज्वारीच्या पिकात पांडवांची पूजा करून जेवायला बसतं. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. शेजाऱ्यांनी आप्पांना आपल्या शेतात बोलावलं. ते गेले, जेवले, आणि सगळ्यांच्या आधी उठले.

फेरतपासणीच्या आधी बसवराज पाटलांनी एक गोष्ट बोलून दाखवली. ती गटातल्या सगळ्यांच्या मनात होती.

"आप्पा, अर्ज मागं घेऊ का? यंदाबी नाशिकलाच घालू माल. निदान पोरगी घरला यील-जाईल."

"आन् गटाचं?"

"गट काय, चालतंय की जसं चालत आलंय तसं."

 आप्पांनी विचारलं, "तिला म्या काय सांगू? तू खरं बोललीस म्हणून आमी माघार घेतली?" अर्ज तसाच राहिला.

यंदाच्या माघात पाहुणे पुन्हा आले. मांडव लहान होता, फेटे नव्हते, भाषण एकच झालं. तेर नव्हतं. तुळजापूरचं दर्शन तपासणीनंतर ठेवलं होतं. टेबलावर केळी आणि पेरू होते. द्राक्षं क्रेटमध्ये होती आणि क्रेटपाशी गंगूबाई उभ्या होत्या. तपासणी करणारी व्यक्ती नवी होती, दिल्लीहून आलेली. हान यांनी ताटाकडं बघून दुभाषी मुलीला काहीतरी सांगितलं. ती हसली.

"विचारताहेत, यंदा धुतलेली द्राक्षं नाहीत का?"

सगळे मोकळेपणानं हसले, अधिकारीसुद्धा. आप्पा हसले नाहीत. ते उठले, एक घड घेऊन नळावर गेले आणि धुऊन आणला. तपासणीच्या टेबलावर न ठेवता त्यांनी तो हान यांच्या हातात दिला. हान यांनी तो तिथंच उभं राहून खाल्ला, पूर्ण. बियांशिवायच्या जातीचा होता, त्यामुळे हातात फक्त देठ राहिला.

पाहुणे गाडीकडं निघाले तेव्हा आप्पा दुभाषी मुलीच्या जवळ गेले. तिचा आवाज महानंदासारखा आहे, असं शेडमधल्या बायका म्हणतात. कितपत खरं आहे, माहीत नाही.

"बाई, एवढं त्यास्नी इचार. आमची पोरगी तिकडं काम कशी करतीया?"

मुलीनं हान यांच्याकडं बघितलं, मग अधिकाऱ्यांकडं. प्रश्न तिनं भाषांतरित केला नाही.

"आप्पा, आज हे विचारायला नको. निकाल अजून यायचाय."

"बरं," आप्पा म्हणाले. "मग असं इचार, तिकडं थंडी लई असती का?"

हेही तिनं विचारलं नाही. गाड्या गेल्या. धूळ खाली बसायला वेळ लागतो या रस्त्यावर. मुरूम आहे.

अशा बैठका जिल्ह्यात अधूनमधून होतात. बातमीत त्यांचं वर्णन करायला ठरलेले शब्द आहेत आणि ते खोटे नसतात. दोन देशांतली माणसं खरोखरच एका टेबलाशी बसतात, एकमेकांच्या रीती शिकतात, पुढच्या वेळी ताटात केळी ठेवायची हे लक्षात ठेवतात. त्यातून माल जातो. रस्ते होतात, शीतगृहं होतात, शेडमधल्या बायकांना हंगामभर काम मिळतं. हे सगळं मोजता येतं आणि छापता येतं. आप्पांच्या सोप्यात फोन ठेवल्यानंतर जी शांतता असते, ती कुठल्या सदरात घालायची, हे अजून कुणी ठरवलेलं नाही. बातमीदारानं तिथं चहा घेतला, दोन प्रश्न विचारले आणि शेवटची बस गाठली.

मंजुरी गेल्या आठवड्यात आली. बसवराज पाटलांनी पेढे वाटले. आप्पांनी ही बातमी मुलीला फोनवर सांगितली नाही. कंपनीच्या कार्यालयातून तिला ती आधीच कळली होती आणि तिनंही फोनवर विषय काढला नाही.

सोमवारी सकाळी तालुक्यातला पहिला थेट कंटेनर भरून निघाला. खोक्यांवर गटाचं आणि गावाचं नाव होतं. हमरस्त्याला लागेपर्यंत आप्पा बसवराज पाटलांच्या मोटरसायकलवर मागं बसून कंटेनरच्या मागोमाग गेले आणि तिथून परत फिरले. बंदराजवळच्या तपासणी केंद्रात कंटेनर दुसऱ्या दिवशी उघडण्यात आला. हंगामाच्या गर्दीमुळं महानंदाला नाशिकहून त्याच केंद्रावर पाठवलेलं आहे. आप्पांच्या मालाची तपासणी दुसऱ्या अधिकाऱ्यानं केली. मणी चांगले होते, पावडर शाबूत होती, माल पास झाला. महानंदाची नेमणूक त्या दिवशी शेजारच्या शेडमध्ये होती. कंटेनरला सील लागेपर्यंत ती त्या शेडमधून बाहेर आली नाही, याला केंद्रातल्या दोघांनी दुजोरा दिला.